मैदान ही गावाची ठेव

(गावकऱ्यांपुढे केलेले भाषण)



आज आम्ही हायस्कूलच्या मैदानाविषयी चार गोष्टी बोलणार आहोत. विषय ऐकून कोणी हसेल. कोणी म्हणेल, "अहो, इथं जनावरांना प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही पोरांच्या खेळाचं काय घेऊन बसलात?"

हा प्रश्न खोटा नाही. आपला माणदेश म्हणजे कमी पावसाचा मुलूख. माणगंगेच्या पात्रात वर्षातले बरेच महिने वाळूच दिसते. असल्या मुलखात रुपया मोजूनच खर्च करावा लागतो. म्हणूनच आम्ही हा विषय काढला आहे. पैसा उधळा, असे सांगायला आम्ही उभे राहिलेलो नाही. पैसा कुठे घातला तर तो राहतो आणि वाढतो, एवढेच सांगायचे आहे.

खर्च दोन तऱ्हेचा असतो. लग्नात फटाके उडवले. पाच मिनिटांत धूर झाला, संपले. हा एक खर्च. शेताला ताल घातली. पहिल्या वर्षी काही दिसले नाही. पुढे माती धरली, ओल टिकली, ज्वारीचे कणीस भरले. हाही खर्चच, पण याला आपण ठेव म्हणतो. आपल्या जवळचा राजेवाडीचा तलाव बघा. इंग्रजांच्या अमदानीत दुष्काळी कामावर माणसे लावून तो बांधला. ज्यांनी पाट्या वाहिल्या ती माणसे केव्हाच गेली. तलाव मागे राहिला. दुष्काळातसुद्धा पुढच्या पिढीचे काम होते, याचा हा दारातला दाखला आहे.

हायस्कूलचे मैदान ही तशीच ठेव आहे. कशी, ते पाहू.

आपल्या तालुक्याची लेक

ललिता बाबर हे नाव आपण ऐकले असेल. माण तालुक्यातल्या मोही गावची ही शेतकऱ्याची मुलगी. २०१६ साली ब्राझील देशात रिओ या शहरी ऑलिंपिकचे सामने झाले. तिथे ललिता स्टीपलचेस नावाच्या शर्यतीत धावली. ही शर्यत कशी असते? धावायचे ३००० मीटर, म्हणजे तीन किलोमीटर. वाटेत जाड लाकडी अडथळे असतात. ते ढकलून पडत नाहीत. पाय अडकला तर आपणच पडतो. असे अडथळे २८ वेळा ओलांडायचे. शिवाय ७ वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यायची.

पहिल्या फेरीत ललिताने ९ मिनिटे १९.७६ सेकंद एवढा वेळ घेतला. भारतातल्या कोणत्याही बाईने तोवर ही शर्यत इतक्या लवकर पुरी केली नव्हती. १५ ऑगस्टला शेवटची फेरी झाली. तीत ललिताचा नंबर दहावा आला. दहावा म्हणून नाक मुरडू नका. एकट्याने धावायच्या शर्यतीत भारताची बाई ऑलिंपिकच्या शेवटच्या फेरीत पोचली, ती ३२ वर्षांनी.

आता कोणी विचारील, "मोहीत कुठं होतं असलं मैदान? तरी ती पोचलीच ना? मग पैसा कशाला घालायचा?"

याचे उत्तर शेतकऱ्याला सांगायला नको. चांगले बी कधी कधी खडकाच्या फटीतूनही उगवते. म्हणून कोणी खडकावर पेरणी करत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ललिता आधी लांब पल्ल्याची धावपटू होती. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये ती भारतीय बायकांत पहिली आली होती. स्टीपलचेसकडे ती पुरती वळली २०१४ च्या सुमारास. त्या वेळी तिचे वय चोवीस-पंचवीस होते. म्हणजे दोन-अडीच वर्षांच्या तयारीत ती जगातल्या पहिल्या दहांत आली. असला अडथळा, असली पाण्याची उडी तिला पंधराव्या वर्षी शाळेत बघायला मिळाली असती तर? आणि जिच्या पायांत तेवढीच ताकद होती, पण जिला कुणी पळायलाच सांगितले नाही, अशा किती मुली आपल्या वाड्यावस्त्यांवरून सासरी गेल्या? त्यांचा हिशेब कुठल्याही वहीत नाही.

कण्णूरच्या चाळीस मुली

ललिताच्या आधी ३२ वर्षांपूर्वी शेवटच्या फेरीत पोचलेली बाई म्हणजे केरळची पी. टी. उषा. तिची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

१९७६ साली केरळच्या सरकारने कण्णूर गावी शाळकरी मुलींसाठी खेळाची शाखा काढली. मुली निवडल्या ४०. त्यांच्या राहण्याची सोय केली, शिकवायला माणूस दिला. ओ. एम. नंबियार हे तिथले गुरुजी. त्या ४० मुलींत उषा होती. आठ वर्षांनी, १९८४ साली, अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये ती ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत चौथी आली. तिसरा नंबर आणि तिचा नंबर यांत फरक होता एका सेकंदाच्या शंभराव्या भागाचा! पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

पाहा, ही गोष्ट आपोआप घडली नाही. आधी जागा केली, माणूस नेमला, मुली जमवल्या. मग आठ वर्षे वाट पाहिली.

खाशाबांची गोष्ट

आपल्या सातारा जिल्ह्यातलाच दुसरा दाखला घेऊ. कराडजवळचे गोळेश्वर हे खाशाबा जाधवांचे गाव. शिकले कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये. घरात कुस्ती, गावात कुस्ती. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. आपल्याकडे कुस्ती व्हायची तांबड्या मातीत. तिथे कुस्ती होती गादीवर. पाय टेकवायची रीत वेगळी, गुण मोजायची रीत वेगळी. असल्या परक्या गादीवरही खाशाबा सहावे आले.

चार वर्षांनी, १९५२ साली, फिनलंड देशात हेलसिंकी इथे सामने होते. जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवले आणि ७००० रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही वर्गणी दिली. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. कराडहून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून खर्डीकरांचे पैसे फेडले. दोघेही मोठ्या मनाचे!

पण या गोष्टीतून आपण काय घ्यायचे? आपण माणसे मोठ्या मनाची आहोत, पण आपली मदत उशिरा पोचते. पोरगा तयार झाला, विमानाचे तिकीट अडले, की गाव वर्गणी काढते. पोरगा तयार होत असतो तेव्हा मात्र शाळेत साधी गादीही नसते. खाशाबांच्या नंतर एकट्याने मिळवलेले पदक भारताला मिळाले १९९६ साली. मध्ये ४४ वर्षे गेली. एवढ्या वर्षांत आपल्या मुलखातली ताकद काही आटली नव्हती. शिकण्याची सोय कमी पडली.

बाकीच्या मुलांचे काय?

आता खरा मुद्दा. कण्णूरला ४० मुली होत्या, उषा एकच झाली. मग बाकीच्या ३९ मुलींवरचा खर्च पाण्यात गेला का? हायस्कूलमध्ये पाचशे मुले असली, आणि त्यांतला एकही ऑलिंपिकला गेला नाही, तर मैदान फुकट गेले का?

मुळीच नाही. पदक हे झाडाच्या शेंड्याचे फळ आहे. झाड सावलीही देते.

पहिली गोष्ट तब्येतीची. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी अंग मोडून हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पूर्वी आपली मुले गुरांमागे पळायची, विहिरीत पोहायची. आता मुले गाडीतून शाळेत जातात आणि घरी आली की मोबाईल घेऊन बसतात. ती साठ मिनिटे येणार कुठून? शाळेतूनच आली तर येतील.

दुसरी गोष्ट नोकरीची. आपल्या भागातली किती मुले पोलीस भरतीची तयारी करतात, हे तुम्हीच जाणता. या भरतीत मैदानी परीक्षेला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. ही पोरं सराव कुठे करतात? पहाटेच्या अंधारात डांबरी सडकेवर! साताऱ्याहून पंढरपूरला जाणारा रस्ता आपल्या म्हसवडावरून जातो. त्यावर मालाच्या गाड्या धावतात. ड्रायव्हरला झोपेची गुंगी असते, पोराच्या अंगात काळी बंडी असते. आईबापांनो, आपले लेकरू त्या रस्त्यावर आहे. हायस्कूलच्या मैदानावर २०० मीटरची चांगली फेरी आखली, तर आठ फेऱ्यांत १६०० मीटर होतात आणि चार फेऱ्यांत ८००. सडकेवर जायची गरजच उरत नाही.

शिवाय महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत गुणी खेळाडूंसाठी शंभरातल्या पाच जागा राखून ठेवलेल्या असतात. जिथे खेळच नाही, तिथल्या मुलांना त्या जागा नुसत्या कागदावर दिसतात.

तिसरी गोष्ट मुलींची. ही आम्हांला सर्वांत मोठी वाटते. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की आपण म्हणतो, "आता पळू नको, चारचौघांत बरं दिसत नाही." आधी खेळ सुटतो. मग शाळेत खाडे होतात. मग एक दिवस स्थळ येते. पण तीच मुलगी खो-खोच्या संघात असली तर? ती चार दिवस आली नाही की गुरुजी विचारतात. मैत्रिणी बोलवायला दारात येतात. "अजून दोन वर्षं खेळू दे, आई," असे ती स्वतः म्हणायला धजते. मैदान तिला नुसते पळायला शिकवत नाही. आपल्या मनातले बोलायलाही शिकवते.

आधी काय करावे?

"मैदान म्हणजे कोट्यवधीचं काम," असे म्हणून पुष्कळ जण हात झटकतात. रबरासारखी तांबडी धावपट्टी हवी असेल तर कोटींचा आकडा लागतो, हे खरे. पण शाळेला आज त्याची गरज नाही. कामे क्रमाने करावीत.

पहिले काम हद्दीचे. शाळेची जागा मोजून घ्या. चारी कोपऱ्यांना दगड रोवा. मैदान मोकळे दिसले की कोणी कडबा रचतो, कोणी खडी टाकतो, कोणी टपरी ठेवतो. दहा वर्षांनी मैदान उरत नाही. हद्दीवर कडुनिंब लावा. सावलीही होईल, हद्दही राहील.

दुसरे काम सपाटीचे. दगड वेचा. खाचखळगे भरा. वर मुरूम पसरा, पाणी मारा, रूळ फिरवा. मैदानाला एका बाजूला थोडा उतार ठेवा. पावसाचे पाणी त्या बाजूने चर काढून शोषखड्ड्यात सोडा. मैदान चिखल होणार नाही आणि पाणी जमिनीत मुरेल. आपल्या मुलखात हा दुहेरी लाभ आहे.

तिसरे काम पिण्याच्या पाण्याचे आणि मुलींच्या संडासाचे. याची सोय नसेल तर मुली मैदानावर येणार नाहीत. मग मैदान अर्ध्याच गावाचे झाले.

चौथे काम आखणीचे. चार जणांना शेजारी शेजारी पळता येईल अशी २०० मीटरची फेरी साधारण एक ते सव्वा एकरात बसते. ४०० मीटरच्या पुऱ्या फेरीला चार एकरांवर जागा लागते. ती नसली तर हट्ट धरू नये. खो-खोला २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद जागा पुरते. कबड्डीला १३ मीटर आणि १० मीटर. एका बाजूला लांब उडीसाठी वाळूचा खड्डा घ्या. गोळाफेकीला सात फूट व्यासाचे वर्तुळ पुरे. कुस्तीला मातीचा आखाडा हवाच. पण मोठ्या स्पर्धा आता गादीवर होतात, म्हणून एक गादीही असावी. खाशाबांची गोष्ट आठवा.

पाचवे काम माणसाचे. मैदान केले आणि शिकवणारा नसला, तर ते गुरांना चरायला बरे! खेळाचे शिक्षक हवेत. पाय मुरगळला तर काय करावे, उन्हात मुलांना कधी थांबवावे, हे कळणारे हवेत. मुलींशी नीट वागणारे हवेत. शक्य तर एक बाई शिक्षिका हव्यात.

कमान, स्टेज, पाहुण्यांच्या पायऱ्या ही कामे सर्वांत शेवटी. पुष्कळ ठिकाणी नेमके उलटे होते. आधी कमान उभी राहते, तिच्यावर नावे लागतात, उद्घाटन होते आणि फाटकाला कुलूप लागते. कुलूप लावलेले मैदान म्हणजे पुरलेला पैसा. त्याला व्याज येत नाही.

आणखी एक सांगायचे राहते. मैदान केवळ धडधाकट मुलांचे नाही. शेजारच्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी बघा. शाळेत असताना सायकलवरून पडून त्यांच्या हाताला दुखापत झाली आणि तो हात कायमचा अधू झाला. त्यांनी दुसऱ्या हाताने गोळा फेकला. २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये, म्हणजे अपंग खेळाडूंच्या जागतिक सामन्यांत, १६.३२ मीटर गोळा फेकून त्यांनी रौप्यपदक आणले. आपल्या गावातल्या अधू मुलाला आपण कडेला बसवून ठेवतो आणि इतरांच्या चपला राखायला सांगतो. त्यालाही मैदानात घ्या.

पैसा कुठून, हिशेब कोणाचा?

आपण म्हणाल, "हे सगळं पटलं. पण आमच्यासारख्यांच्या हातात काय आहे?"

याचे उत्तर म्हसवडातच आहे. इथल्या गरीब बायकांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले. चेतना सिन्हा त्यांच्या बरोबर होत्या. अर्जावर पुष्कळ बायकांचे अंगठे होते. रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. सभासदांना लिहिता-वाचता येत नाही, हे कारण. बायका रडत बसल्या नाहीत. त्या शिकायला बसल्या. पाच महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब घाला, आम्ही तोंडी करून दाखवतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. थोडे थोडे पैसे जमले आणि बँक झाली. पुढे माणदेशी फाउंडेशनने इथल्या मुला-मुलींच्या खेळाचेही काम हाती घेतले. म्हणजे सुरुवात झालेली आहे. आता प्रत्येक हायस्कूलने आपापला वाटा उचलायचा आहे.

पैसा नगरपरिषदेकडून येईल, ग्रामपंचायतीकडून येईल, सरकारच्या क्रीडा खात्याकडून येईल. काही श्रमदानाने वाचेल. ट्रॅक्टरवाल्याने एक दिवस ट्रॅक्टर द्यावा. मुंबई-पुण्याला गेलेल्यांनी यात्रेला आल्यावर आपल्या शाळेसाठी काही ठेवून जावे. पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही आणि लक्ष ठेवल्याशिवाय पैसा नीट लागत नाही.

इथेच तुमचे काम आहे. तुम्ही आता वाचायला शिकलात. आकडे ओळखता, सही करता. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात शाळेला खेळाचे मैदान असावे, असे लिहिले आहे. हा कायदा आठवीपर्यंतच्या मुलांचा आहे. सरकारी आणि अनुदानाच्या अशा शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात शंभरातले पंचाहत्तर सभासद पालक असावेत आणि निम्म्या बायका असाव्यात, असे कायदा सांगतो. त्या सभेला जा. नुसता अंगठा किंवा सही देऊन परत येऊ नका. कागद वाचा. विचारा, "मैदानाला किती पैसे आले? मुरूम किती ब्रास पडला? रूळ कुठं आहे? चेंडू कुलपात का?" हायस्कूलच्या पालक सभेतही हेच विचारा. नम्रपणे विचारा, पण विचारा.

येत्या रविवारी एवढे करा. पाच-सहा जण जमा. दोन बायका बरोबर घ्या. एक लांब टेप आणि एक वही घ्या. हायस्कूलच्या हेडमास्तरांना सांगून मैदानाची लांबी आणि रुंदी मोजा. किती भागात दगड आहेत, कुठे अतिक्रमण आहे, पाण्याचा नळ आहे की नाही, हे आपल्या हाताने वहीत लिहा. खाली तारीख घाला आणि सह्या करा. तो कागद पुढच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवा.

गाव करील ते राव काय करील, अशी आपली जुनी म्हण आहे. ती खरी करायला एक टेप आणि एक वही पुरे आहे.